कुंकवाची मंजूर जागा

ओव्हाळसाहेब आमच्या शेडमध्ये पहिल्यांदा आले ते मागच्या दारानं. पुढच्या दारात आमचे मालक जयवंतराव हार घेऊन उभे होते. व्यवस्थापक पोतनीस इस्त्रीचा सदरा घालून रस्त्याकडे डोळे लावून होते. आणि विमानांच्या सामानाची तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याचे हे तपासनीस शेतातल्या पायवाटेनं येऊन तारा जोडत बसलेल्या इंदूबाईच्या पाठीमागे उभे राहिले. उंच, हडकुळा माणूस, हातात कापडी पिशवी. मी समोरच्याच टेबलावर होतो. मला वाटलं, कुणाचा तरी भाऊ डबा द्यायला आलाय.

"तार दातानं का सोलता?" त्यांनी विचारलं.

इंदूबाईनं वळूनही पाहिलं नाही. "पकडीनं सोलली तर आतली तार कापती. दाताला बराबर कळतंय कुठं थांबायचं ते."

"आणि नाही कळलं तर?"

"तर दात पडंल. माजा पडंल, तुमचं काय जातंय?"

मग तिला मागून धावत येणारे जयवंतराव आणि त्यांच्या हातातला हार दिसला, आणि ती ताडकन उठली. साहेब म्हणाले, "बसा, बसा. परत एकदा सोलून दाखवा." खिशातून भिंग काढून ते त्या तारेकडे बघत राहिले. हार जयवंतरावांच्या हातातच राहिला. शेवटी साहेब म्हणाले, "तार शाबूत आहे. बाईंचं बरोबर आहे. पण थुंकी राहते, आणि थुंकीनं तांबं हिरवं पडतं." त्याच आठवड्यात तार बेतानं सोलणारं हत्यार आलं आणि दातांचं काम बंद झालं. इंदूबाई पुढं ज्याला त्याला सांगायची, "साहेबांनी आल्याआल्या माजे दात काडले."

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. वरवे बुद्रुकच्या बाहेर, हमरस्त्यापासून थोडं आत आमची पत्र्याची शेड होती. जयवंतराव मूळचे भोरचे. आधी आम्ही सभांचे कर्णे आणि त्यांचे ध्वनिवर्धक बनवायचो. मग कुठल्याशा ओळखीतून विमानात बसवायच्या इंटरकॉमच्या पेट्यांचं काम मिळण्याची शक्यता निर्माण झाली. पुढं बसलेला वैमानिक आणि मागं बसलेला त्याचा सोबती, दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू यावं म्हणून ही पेटी. पावाच्या लादीएवढी. वर्षअखेरपर्यंत तिला खात्याची मान्यता मिळाली तर मोठी ऑर्डर आमची, नाहीतर ती पुण्यातल्या एका कारखान्याकडे जाणार होती. कर्ण्यांचा धंदा तोवर बसत आला होता. म्हणजे मान्यता नाही तर शेडला कुलूप, हे भोरहून एसटीनं येणाऱ्या आणि वरव्यातून चालत येणाऱ्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. मी तिथं सुपरवायझर होतो.

मान्यता म्हणजे काय ते आम्हाला ओव्हाळसाहेबांनीच शिकवलं. पेटी चालते की नाही हा प्रश्नच नव्हता. ती उन्हात, थंडीत, हादऱ्यात, दमट हवेत चालली पाहिजे, आणि जी पेटी चाचणीत चालली अगदी तशीच प्रत्येक पेटी झाली पाहिजे. एकदा आराखडा मंजूर झाला की स्क्रूची लांबी बदलायची तरी विचारायचं. "आराखड्यात नसलेली एक गोष्ट जरी आत असली," ते म्हणायचे, "तर ती दुसरी पेटी. तिची आणि माझी ओळख नाही."

त्यांना दोन सवयी होत्या. एक वास घेण्याची. कुठलीही वस्तू हातात आली की आधी नाकाशी. राळ जास्त जळली, रोगण नीट वाळलं नाही, तार तापून गेली, हे त्यांना वासावरून कळायचं. दुसरी सवय प्रश्नाची. कुणी काही सांगितलं की ते नीट ऐकून घेत आणि विचारत, "आणि तसं नाही केलं तर?" यात खोच नसायची. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. तारेला कथलाचा डाग देताना फुंकर का मारता, नाही मारली तर? वरव्याच्या बायका नाचणीची भाकरी तव्यावर टाकून वरून पाणी फिरवतात, नाही फिरवलं तर? एकदा एसटीच्या ड्रायव्हरला विचारलं, गाडी सुरू करताना स्टेअरिंगला नमस्कार नाही केला तर? ड्रायव्हर म्हणाला, "तर तुमी उतरून जा, साहेब. मी न्हाई नेनार." हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की ते आम्हाला दोनदा सांगितलं.

ते मार्गासनीच्या पलीकडचे, बौद्ध. हे पोतनीसांनी आडनावावरून पहिल्याच दिवशी ओळखलं आणि आम्हाला हलक्या आवाजात सांगितलं. साहेब डबा बाहेर बाभळीखाली बसून खात, आम्ही आत खात असू. त्यांना आत बोलवायचं सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. सुचलं होतं. आपण बोलवावं आणि पोतनीस उठून जावेत, याची मला भीती वाटली. हे लिहिल्यानं काही हलकं होत नाही, पण त्यांच्याबद्दल लिहायचं आणि हे गाळायचं, तेही जमत नाही.

हादऱ्याची चाचणी पुढं रीतसर यंत्रावर व्हायचीच होती. पण त्याआधी साहेब म्हणाले, "वेल्ह्याच्या एसटीत बसून बघू." पहिली कच्ची पेटी आम्ही घेतली. मी मागच्या बाकावर, मांडीवर पेटी, कानाला आवाज ऐकायचे डबे. साहेब पुढं ड्रायव्हरच्या मागं, हातात बोलायचं यंत्र. मधून सगळ्या गाडीभर तार. चढणारे-उतरणारे तिच्यावरून उड्या मारत होते.

"ओ मास्तर," कंडक्टरनं मला विचारलं, "ही कसली वरात?"

"विमानाचं सामान आहे."

"मग इमानात न्या की. आमच्या लाल डब्याला कशाला तरास?"

नसरापूर सुटलं तसं साहेब बोलायला लागले. आधी खिडकीतून दिसेल ते सांगत होते. भात पिवळं पडलंय, बैल बसलाय. शेजारच्या म्हातारीला राहवेना. तिनं माझ्या कानावरचा डबा उचलून आपल्या कानाला लावला, आणि ओरडली, "अगं बया! त्यो फुडं बसलाय आन माज्या कानात बोलतोय!" मग दोघीतिघींनी ऐकलं. साहेबांनी प्रत्येकीला तिचं गाव विचारलं, आणि उत्तर त्यांना ऐकू येण्यासारखं नव्हतं तरी त्या ओरडून देत राहिल्या.

गर्दी उतरल्यावर त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, "मी आधी हवाई दलात होतो. रेडिओ दुरुस्त करायचो." गाडीतल्या कुणालाही ते ऐकू जात नव्हतं, फक्त मला. एकदा एका वैमानिकाचा रेडिओ वर गेल्यावर मुका झाला. तो नीट उतरला. खाली आणून तपासला तर रेडिओ ठणठणीत. ह्यांनी तो सगळा उकलला, जोडला, परत उकलला. काही सापडलं नाही. वरून हुकूम आला, बसवा. बसवला.

"दोष सापडला की मला बरं वाटतं," ते कानात म्हणाले. "सापडला नाही, म्हणजे तो अजून विमानातच आहे."

त्यावर मी "हं" म्हटलं, जणू ते त्यांना ऐकू जाणार होतं. पुढं त्या वैमानिकाचं काय झालं, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही. सगळ्या जगाला प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाला मी उलट प्रश्न असा कधी विचारलाच नाही. मार्गासनीच्या अलीकडे एका खड्ड्यात गाडी आपटली आणि आवाज तुटला. पेटी उघडली तर एका डागाला केसाएवढी चीर. साहेब मुलाचं बारसं असल्यासारखे खूश झाले. उतरून त्यांनी मला चहा पाजला.

नवरात्र आलं तेव्हा चाचणीची पक्की पेटी तयार होती. खंडेनवमीला आमच्याकडे दरवर्षीप्रमाणे हत्यारांची पूजा झाली. डाग द्यायच्या तापत्या सळ्या, पक्कडी, मोजमापाची यंत्रं, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. मधोमध ती पेटी. साहेब सणाचे घरी गेले होते. पूजा इंदूबाईनं केली. मी टाळ्या वाजवत तिथंच उभा होतो.

दसऱ्यानंतर साहेबांनी पेटी दमट कपाटात ठेवली. आतून जस्त लावलेलं कपाट, खाली तापत्या पाण्याची परात. दारावर त्यांचं लाखेचं सील. ठरलेले दिवस भरले तसं सील तोडून पेटी बाहेर काढली, आणि साहेबांनी मेगर जोडलं. हे हातानं फिरवायचं यंत्र. पेटीत वीज कुठं गळत नसेल तर त्याचा काटा पार अनंताच्या खुणेवर जाऊन टेकतो. साहेबांनी मूठ फिरवली. काटा निघाला, अर्ध्यावर गेला, थबकला आणि खाली आला.

जयवंतराव स्टुलावर बसले.

साहेबांनी एकेक भाग सुटा करत गळती शोधली. ती निघाली सॉकेटात, म्हणजे वैमानिकाच्या टोपाची तार जिथं जोडायची त्या गोल तोंडात. त्यांनी ते नाकाशी धरलं. मग म्हणाले, "इंदूबाई, जरा इकडे या. हा वास कशाचा?"

तिनं वास घेतला. तिचा चेहरा उतरला, पण ती खोटं बोलली नाही. "कुंकू हाय, साहेब. म्याच लावलंय."

पोतनीस माझ्याजवळ उभे होते. कुजबुजल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झालं. आता देवाधर्मावर घसरणार. ह्यांना निमित्तच हवं होतं." साहेबांचा मेगरच्या मुठीवरचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी मूठ पुन्हा फिरवली, आणि काटा पुन्हा तिथंच आला.

जयवंतराव त्यांना बाजूला घेऊन गेले. बाजूला म्हणजे किती, शेड ती केवढी. "साहेब, धूळ लिहा. धूळ काय, कुठंही असते. साफ करतो आणि पुढच्या चाचण्या चालू ठेवू. वरती कुंकू वाचलं तर हसतील हो. खेडवळ लोक, पूजा करून विमानं उडवतात म्हणतील. काम गेलं तर ह्या बायकांनी कुठं जायचं?"

"धूळ लिहिली तर तुम्ही धुळीचा बंदोबस्त कराल," साहेब म्हणाले. "पुढच्या खंडेनवमीचं काय?"

"बंद करतो की पूजा. आजच सांगतो."

साहेब इंदूबाईसमोर स्टूल ओढून बसले. "तोंडातच का लावलं? वर एवढी जागा होती."

"शिलाईच्या मशीनला सुईपाशी लावत्यात. जात्याला खुंट्यापाशी. जितनं काम व्हतं तितं लावायचं. हिचं काम बोलायचं, म्हून तोंडाला."

"आणि नाही लावलं तर?"

"न्हाई लावलं तर काय न्हाई. पेटी चालंल. पन साहेब, वर कुनाचं तरी पोरगं बसनार. आपन जोडल्याली तार, आपल्याला दिसनार न्हाई ते. माजा जीव ऱ्हात न्हाई. तुमी बंद करा म्हनाल, व्हय म्हनीन. आन कुनाचं ध्यान नसताना लावीन."

"हे खरं बोललात," साहेब म्हणाले, आणि जयवंतरावांकडे वळले. "ऐकलंत? बंद होणार नाही. फक्त मला दिसायचं बंद होईल."

दुसऱ्या दिवशी ते कापडी पिशवीतून पुड्या घेऊन आले. बायकांनाही म्हणाले, आपापल्या करंड्यातलं चिमूटभर द्या. निकामी सॉकेटं ओळीनं मांडली. एकात इंदूबाईचं कुंकू, एकात नुसती हळद, एकात बुक्का, एकात रस्त्यावरची माती. कुंकू कसं करतात तेही त्यांनी विचारून घेतलं. हळदीला लिंबू आणि खार लावतात हे कळल्यावर म्हणाले, "खार! तरीच ओल धरतंय." शेवटच्या सॉकेटात त्यांनी आपल्या पुडीतली करडी पूड टाकली.

"ही कसली?" पोतनीसांनी विचारलं.

"उदबत्तीची राख. आमच्या घरी बुद्धाच्या तसबिरीपुढं लागते. आमचंही बघू की."

पोतनीस आपल्या टेबलाकडे वळले.

सगळी सॉकेटं दमट कपाटात गेली. बाहेर आली तेव्हा जेवणाची सुट्टी होती, तरी कुणी डबा उघडला नाही. मेगर फिरलं. माती बऱ्यापैकी निभावली. हळद मातीच्या मागोमाग. बुक्का वाईट. कुंकू त्याहून वाईट. मग राख. काटा शून्यावरून हललाच नाही. साहेबांनी जोर लावून मूठ फिरवली, काटा ढिम्म. आणि साहेब मोठ्यानं हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना त्या एकदाच पाहिलं.

"साहेब," इंदूबाई म्हणाली, "तुमच्या घरचं तर पार नापास!"

"पार. सगळ्यांच्या खाली. आईला सांगावं लागेल."

अहवाल त्यांनी लिहिला आणि आम्हाला मराठीत सांगितला. पेटीच्या तोंडात पूजेचं कुंकू गेलं, त्यात ओल धरली, वीज गळली. उदबत्तीच्या राखेनं त्याहून जास्त गळते. पोतनीस न राहवून म्हणाले, "राखेचं कशाला लिहिलंत? राख तर पेटीत नव्हतीच."

"चाचणी केली ना," साहेब म्हणाले. "केली की लिहायची."

उपाय दोन. एक, सॉकेट बदललं. रबरी वेढ्याचं, साखळीनं बांधलेलं टोपण असलेलं. म्हणजे सगळ्या चाचण्या पहिल्यापासून, आणि वर्षअखेर हातची गेली. दुसरा उपाय ऐकून जयवंतराव परत स्टुलावर बसले. साहेब म्हणाले, कुंकू हा पेटीवर येणारा पदार्थ आहे. येणारच आहे. एकतर तो बंद करा, नाहीतर आराखड्यात आणा. बंद होत नाही हे बाईंनी सांगितलंय. आणि त्यांनी स्वतः पेन्सिल घेऊन पेटीच्या झाकणावर, सॉकेटापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, एक लहान वर्तुळ काढलं. शेजारी लिहिलं, रंगखूण, ऐच्छिक, टोपण बंद असतानाच.

वरून हरकत आली. ही खूण कशासाठी? साहेब त्यासाठी आपल्या खर्चानं मोठ्या कार्यालयात गेले. तिथं काय झालं ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "तिथल्या मोठ्या साहेबांना विचारलं, ही जागा नाही दिली तर बोट कुठं जाईल ते तुम्ही सांगा. त्यांनी बराच वेळ पेटीकडे बघितलं. आणि सही केली."

मान्यता आली तेव्हा थंडी सरत आली होती. तोवर निम्मी ऑर्डर पुण्याला गेली होती. जयवंतराव स्वतः जाऊन हातापाया पडले म्हणून निम्मी आमच्याकडे राहिली. कर्ण्यांचं काम बंद झालं, वरव्याच्या दोघीतिघींना घरी बसावं लागलं, पण शेडला कुलूप लागलं नाही. त्या दोघीतिघी साहेबांना नावं ठेवत. एकदा नसरापूरच्या बाजारात त्यातली एक त्यांना तोंडावर म्हणाली, "धूळ म्हनाला असता तर काय बिगडलं असतं?" साहेब पुढं चालू लागले, मी बरोबर. थोडं चालल्यावर मला म्हणाले, "तिचं चुकत नाही. पण मला 'धूळ' लिहिता आलं नसतं." दोन्ही वाक्यं त्यांनी सारख्याच आवाजात उच्चारली.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची बदली झाली. पण त्याआधीची खंडेनवमी त्यांनी शेडमध्येच काढली. पाहुणे म्हणून बोलावलं होतं, आले ते कामाचे कपडे घालून. पाठवायच्या पेट्या लांब टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या. इंदूबाईनं तबक त्यांच्यापुढं धरलं. "पैल्या पेटीला तुमी लावा, साहेब. तुमच्यामुळं जागा मिळाली."

शेडमध्ये सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. पोतनीससुद्धा.

"मी लावत नाही, इंदूबाई," साहेब म्हणाले. "आमच्यात आता नाही. तुम्ही लावा. मी टोपण धरतो."

आणि त्यांनी पहिल्या पेटीच्या टोपणावर अंगठा दाबून धरला. इंदूबाईनं लांबच्या कोपऱ्यातल्या वर्तुळात हळद टेकवली, मग कुंकू. तबक डगमगलं आणि थोडं कुंकू त्यांच्या अंगठ्यावर सांडलं. "आगं बया, तुमाला लागलं," ती म्हणाली. "लागू दे," ते म्हणाले, "आत नाही ना गेलं?" त्यांनी टोपण तपासलं, वास घेतला. मग स्पिरिटचा बोळा घेऊन अंगठा स्वच्छ पुसला, फुंकर घालून वाळवला, आणि दुसऱ्या पेटीच्या टोपणावर ठेवला. "हं, लावा." मी दारात उभा राहून बघत होतो. ओळ मोठी होती. शेवटच्या पेटीपर्यंत ती कुंकू लावत गेली आणि ते दर वेळी अंगठा पुसून टोपण धरत गेले.